श्वासरोगात मज्जातंतूंचे दहन : वैद्याने काय जाणावे, रुग्णास काय सांगावे

गेल्या पावसाळ्याच्या प्रारंभी आमच्या चिकित्सालयात एक जुने रुग्ण आले. वय ६४, एस.टी.त चालक म्हणून सेवा झालेली. तीस वर्षांचे विडीचे व्यसन सुटून सहा वर्षे लोटली होती. पण दम मात्र सुटला नव्हता. मुलाने छापून दिलेली काही पाने त्यांनी आमच्यापुढे ठेवली. दुर्बिणीतून फुफ्फुसाच्या मज्जातंतूंना उष्णता देऊन दम कमी करण्याचा उपचार युरोपात होत असल्याचे त्यांत लिहिले होते. "डॉक्टरसाहेब, दोन एकर विकतो, पण एकदाचा हा दम जाऊ द्या. तुमचं मत सांगा, मग पोराला कळवतो," असे ते म्हणाले.

आम्हांस त्या विषयाची माहिती नव्हती. पुढच्या खेपेस सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. परंतु ती पुढची खेप येण्यापूर्वीच एका रात्री त्यांस मूत्रावरोध झाला व तालुक्याच्या गावी नेऊन नळी घालावी लागली. नंतर विचारपूस करता उलगडा झाला तो असा : छातीच्या तज्ज्ञांनी दिलेले टायोट्रोपियमचे इनहेलर ते रोज नियमाने घेत होते, आणि आम्ही दिलेला कनकासव, बरे वाटते म्हणून, सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट घेत होते. पौरुषग्रंथीची वृद्धी पूर्वीचीच होती. मूत्रावरोध नेमका कशामुळे झाला हे सिद्ध करणे शक्य नाही. परंतु इनहेलरविषयी आम्ही कधी विचारलेच नव्हते, ही चूक निःसंशय आमची होती.

हे दोन प्रसंग वरकरणी निराळे दिसतात. अभ्यास करू लागल्यावर मात्र लक्षात आले की धोत्रा, टायोट्रोपियम आणि ती नवी दहनक्रिया या तिघांचेही लक्ष्य एकच मज्जातंतू आहे. तो समजून घेतला तर रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तरही देता येते आणि आपल्या हातून होणारी चूकही टाळता येते. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

व्हेगस मज्जातंतू व श्वासनलिका

मेंदूच्या तळाशी उगम पावून मानेतून खाली उतरणारा व्हेगस मज्जातंतू हृदय, फुफ्फुसे व जठर या तिन्हींना शाखा देतो. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या त्याच्या शाखा मुख्य श्वासनलिकांच्या भिंतीलगत, बाहेरच्या बाजूने आत शिरतात. त्यांच्या अग्रांतून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवते. त्यामुळे श्वासनलिकेचे स्नायू आकुंचन पावतात आणि तिच्यातील ग्रंथी अधिक श्लेष्मा स्रवतात. मज्जातंतूचा प्रभाव अशा रासायनिक द्रव्याच्या द्वारे होतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. त्याबद्दल १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी माणसातही या मज्जातंतूमुळे श्वासनलिका किंचित आकुंचित असतात. तेथे त्याची बाधा होत नाही. परंतु ज्यास आज सीओपीडी म्हणतात त्या जीर्ण अवरोधजन्य व्याधीत नलिका आधीच अरुंद झालेल्या असतात. अरुंद नळीत थोडेसे अधिक आकुंचनही वायूचा मार्ग पुष्कळच अडविते. झालेली झीज भरून येत नाही; पण व्हेगसमुळे होणारा संकोच हा अवरोधाचा मागे फिरविता येणारा मोठा अंश होय. म्हणूनच या मज्जातंतूकडे संशोधकांचे लक्ष गेले. व्याधीचा विस्तारही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ मध्ये या एका व्याधीने सुमारे ३५ लक्ष लोक मृत्यू पावले आणि जगातील मृत्यूच्या कारणांत तिचा क्रमांक चौथा होता. आपल्याकडे विडीबरोबरच चुलीचा धूरही तिचे कारण आहे, हे ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्यांस सांगावयास नको.

धोत्र्याचा प्रवास

या मज्जातंतूचा प्रभाव रोखणारे पहिले औषध भारतातून युरोपात गेले, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचेल. मद्रास येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले वैद्यकाधिकारी जेम्स अँडरसन हे दम्यावर धोत्र्याचा धूर ओढावयास सांगत. जनरल जेंट यांनी इ. स. १८०२ च्या सुमारास ही रीत ब्रिटनमध्ये नेली. पुढे तेथील धोत्र्याच्या जातीच्या विड्या दम्यासाठी विकल्या जाऊ लागल्या व त्या विसाव्या शतकापर्यंत चालू राहिल्या. धोत्र्यातील ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये ॲसिटिलकोलीनला त्याच्या स्थानी बसू देत नाहीत. त्यामुळे नलिका सैलावते. ती द्रव्ये सर्व शरीरात पसरतात म्हणून मुख कोरडे पडणे, दृष्टी अंधुक होणे, हृदयाचे ठोके वाढणे, मूत्र अडणे, भ्रम होणे असे उपद्रव होतात. हे टाळण्यासाठी ॲट्रोपीनची रचना बदलून इप्राट्रोपियम व त्यानंतर टायोट्रोपियम निर्माण करण्यात आले. ही श्वासावाटे दिली असता रक्तात फार थोडी शिरतात. टायोट्रोपियमचा परिणाम दिवसभर टिकतो. थोडीशीच शिरली तरी वृद्ध पुरुषांत मूत्राची अडचण वाढू शकते, याचा उल्लेख त्यांच्या माहितीपत्रकातही असतो.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. चरकांनी श्वासचिकित्सेत सांगितलेल्या धूमवर्तीत हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी इत्यादी द्रव्ये आहेत, धोत्रा नाही. श्वासासाठी धोत्र्याचा प्रसिद्ध योग म्हणजे भैषज्यरत्नावलीतील कनकासव, आणि तो बराच उत्तरकालीन आहे. म्हणून "टायोट्रोपियम हे चरकांचेच औषध" असे कोणी म्हणू नये. मात्र कनकासव देणारा वैद्य आणि टायोट्रोपियम देणारा तज्ज्ञ एकाच कुलुपात किल्ली घालत असतात, हे विसरूनही चालणार नाही.

शस्त्राचे जुने प्रयोग

औषधाने काही काळ शांत होणारा मज्जातंतू शस्त्राने कायमचा तोडावा, ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील शल्यविद् हेर्मान क्युमेल यांनी १९२३ मध्ये दम्यासाठी मानेतील सिंपथेटिक मज्जातंतू काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. जपानमध्ये कोमेई नाकायामा यांनी मानेतील रोहिणीलगतची कॅरोटिड बॉडी ही लहानशी ग्रंथिका काढण्याचा उपचार सुरू केला व १९६१ मध्ये ३,९१४ रुग्णांचा अनुभव मांडला. अनेकांस बरे वाटल्याचे त्यात नमूद होते. परंतु त्याच दशकात रुग्णास व परीक्षकास न कळविता काहींची ग्रंथिका काढून आणि काहींना केवळ छेद देऊन तुलना केली असता ग्रंथिका काढण्याचा विशेष लाभ दिसला नाही. ही ग्रंथिका रक्तातील प्राणवायू घटल्याची सूचना मेंदूला देते. ती गेल्यावर धोक्याची सूचनाच बंद होते. दम कमी जाणवतो, पण व्याधी तेथेच असते.

हा इतिहास आम्ही मुद्दाम दिला आहे. श्वासाच्या रुग्णास "काहीतरी मोठे केले" या भावनेनेच पुष्कळ बरे वाटते. दम्यासाठी श्वासनलिकेच्या स्नायूंना उष्णता देण्याच्या थर्मोप्लास्टी या क्रियेस अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. तिच्या २८८ रुग्णांच्या चाचणीत जीवनमान लक्षणीय सुधारलेले रुग्ण ७९ टक्के होते. परंतु ज्यांच्यावर केवळ दुर्बीण घालून उपचाराचा देखावा केला, त्यांच्यातही हे प्रमाण ६४ टक्के होते. "आमच्या दहा रुग्णांना बरे वाटले" असे लिहिण्यापूर्वी आपणही हा आकडा स्मरणात ठेवावा.

नवी पद्धती

आमच्या रुग्णाने आणलेल्या पानांतील उपचारास 'टार्गेटेड लंग डिनर्व्हेशन' म्हणतात. रुग्णास पूर्ण भूल देऊन ब्राँकोस्कोपमधून एक नलिका मुख्य श्वासनलिकेत नेतात. तिच्या टोकास फुगा व विद्युत्-अग्र असते. त्यातून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा भिंतीच्या आरपार बाहेरच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचवितात आणि त्याच वेळी फुग्यात थंड द्रव फिरवून आतील त्वचा भाजण्यापासून वाचवितात. आतून पृष्ठभाग थंड व बाहेर खोलवर दाह, अशी ही युक्ती आहे. कोठेही छेद घ्यावा लागत नाही.

मात्र निसर्गाची रचना येथे आडवी येते. मुख्य श्वासनलिकांच्या मागेच अन्ननलिका असून तिच्यावरून व्हेगसच्या जठराकडे जाणाऱ्या शाखा उतरतात. आरंभीच्या चाचण्यांत काही रुग्णांना जठराची गती मंदावल्याचे गंभीर उपद्रव झाले. त्यानंतर अन्ननलिकेतही फुगा ठेवून दोहोंतील अंतर पाहून व राखून ऊर्जा देण्याची दक्षता पद्धतीत समाविष्ट करण्यात आली.

आकडे काय सांगतात

नेदरलँड्समधील खोर्निंगन विद्यापीठ रुग्णालयाचे दिर्क-यान स्लेबोस व सहकाऱ्यांनी मानवावरील पहिला अनुभव २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण २२ होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एअरफ्लो-२ ही चाचणी अधिक महत्त्वाची. तिच्यात ८२ रुग्ण होते. निम्म्यांवर खरा उपचार व निम्म्यांवर देखाव्याची दुर्बीण झाली, आणि आपल्यावर काय झाले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. तीन ते साडेसहा महिन्यांच्या काळात श्वाससंबंधी उपद्रव झालेले रुग्ण खऱ्या उपचाराच्या गटात ३२ टक्के, तर देखाव्याच्या गटात ७१ टक्के होते. वर्षभरात व्याधी भडकून रुग्णालयात दाखल होण्याचा धोकाही खऱ्या उपचाराच्या गटात सुमारे एक-तृतीयांशावर आला.

छापील पाने येथेच थांबतात. परंतु त्याच चाचणीत संपूर्ण वर्षाचा हिशेब केला असता श्वाससंबंधी उपद्रव अनुक्रमे ८३ व ९० टक्के रुग्णांत झाले होते, म्हणजे फरक नगण्य ठरला. मध्यम किंवा तीव्र भडका पहिल्यांदा केव्हा उठला या मापनातही अर्थपूर्ण अंतर दिसले नाही. रुग्णाने सांगितलेली लक्षणे व श्वासमापनाचे आकडे यांतही भेद आढळला नाही. त्यामुळे सुमारे ४०० रुग्णांची एअरफ्लो-३ ही मोठी चाचणी योजिण्यात आली व तिच्यात भडका हेच मुख्य मापन ठेवले गेले. या उपचारास सीओपीडीच्या नित्य चिकित्सेत स्थान मिळालेले नाही. तो संशोधनाच्या कक्षेतच आहे. आणखी एक गोष्ट रुग्णांना ठाऊक नसते. एअरफ्लो-२ मधील दोन्ही गटांस टायोट्रोपियम चालूच होते. दहनक्रिया ही इनहेलरच्या ऐवजी नव्हती, तर त्याच्या जोडीला होती.

नासामार्गातील उपाय

याच विचाराची दुसरी शाखा नासामार्गात अधिक पुढे गेली आहे. जीर्ण प्रतिश्यायात नाकाच्या मागील भागातील मज्जातंतूंमुळे स्राव व अवरोध वाढतो. १९६१ मध्ये इंग्लंडच्या गोल्डिंग-वुड यांनी विडियन मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. तिच्यात अश्रू आटून डोळे कोरडे पडण्याचा उपद्रव होत असे. आता नाकाच्या आत, स्थानिक भूल देऊन, केवळ मागील नासा-मज्जातंतूंना शीताने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने निष्क्रिय करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या ११६ रुग्णांच्या एका चाचणीत तीन महिन्यांनी उपचारगटातील ६७.५ टक्के व देखावागटातील ४१ टक्के रुग्णांस ठरविलेल्या प्रमाणात आराम पडला. लाभ खरा आहे, पण देखाव्याचा वाटाही मोठा आहे.

साम्य आणि मोह

हे सर्व वाचताना आमच्या मनात चरकांचे दोन सिद्धान्त वारंवार येत राहिले. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्राणवह स्रोतसांचे मूळ हृदय व महास्रोतस सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का व श्वास हे कफवातात्मक असून पित्तस्थानापासून उद्भवणारे म्हटले आहेत. हृदय, फुफ्फुस व जठर यांना जोडणारा एकच मज्जातंतू, आणि फुफ्फुसाकडील शाखा जाळताना बिघडणारे जठर, हे पाहून कोणाही वैद्यास हर्ष व्हावा हे स्वाभाविक आहे.

तथापि साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. चरकांना व्हेगस ठाऊक होता असे म्हणणे, किंवा या क्रियेस आधुनिक अग्निकर्म म्हणून मिरविणे, हे शास्त्राची प्रतिष्ठा वाढविणारे नाही. साम्याचा खरा उपयोग चिकित्सेत आहे. श्वासाच्या रुग्णाचा अग्नी, आध्मान व मलावरोध पाहण्याची जी शिस्त आपणांस लागली आहे, ती सोडू नये. उद्या असा उपचार घेतलेला रुग्ण समोर आला तर अल्प भोजनाने पोट भरणे, आध्मान, छर्दी ही लक्षणे आपण प्रथम विचारावी व ती आढळल्यास त्यास त्वरित मूळ तज्ज्ञांकडे पाठवावे. चरकांनी तमकश्वास याप्य म्हटला आहे, नवीन असेल तर साध्यही. जीर्ण व्याधीस याप्य म्हणण्यात कमीपणा नाही. त्या एका शब्दाने अनेक कुटुंबांच्या जमिनी वाचतील.

आपल्या व्यवहारात काय करावे

पहिली गोष्ट, श्वासाच्या प्रत्येक रुग्णास त्याची पिशवी उघडावयास सांगावे. इनहेलरचे नाव आपल्या नोंदीत लिहावे. टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम, इप्राट्रोपियम यांपैकी एखादे चालू असेल तर कनकासव अथवा धोत्र्याचा अन्य कल्प देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. पौरुषग्रंथीची वृद्धी, काचबिंदू, हृदयाची अनियमित गती किंवा वार्धक्यातील भ्रम असेल तर तो देऊच नये, असे आमचे मत बनले आहे.

दुसरी गोष्ट औषधविक्रेत्या बंधूंसाठी. धोत्रा हा औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्यांत आहे आणि अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. ती सूचना बाटलीवर छापली म्हणून कर्तव्य संपत नाही. "दम्याची बाटली द्या" म्हणून येणाऱ्या वृद्धास "लघवीला त्रास होतो काय, तोंडाने ओढायचा पंप घेता काय" हे दोन प्रश्न काउंटरवर विचारण्यास अर्धे मिनिट लागते. आमच्या त्या रुग्णाने दुसरी व तिसरी बाटली आमच्याकडून नव्हे, बाजारातून घेतली होती.

तिसरी गोष्ट, चालू इनहेलर आपण होऊन बंद करावयास सांगू नये. आपल्या औषधाने बरे वाटू लागले तरी कमी करण्याचा निर्णय श्वासमापन करून व तज्ज्ञांशी बोलून व्हावा. निदानही केवळ लक्षणांवर न ठेवता स्पायरोमेट्रीने निश्चित करून घ्यावे. दमा व सीओपीडी यांतील भेद आपल्या चिकित्सेसही उपयोगाचा आहे.

चौथी गोष्ट शोधनाची. चरकांनी बलवान व कफाधिक रुग्णास वमन-विरेचन, तर दुर्बल व वाताधिक रुग्णास तर्पण व शमन असा स्पष्ट भेद केला आहे. मांस झडलेल्या, चार पावलांत धाप लागणाऱ्या जीर्ण रुग्णास सरसकट वमन देणे हे शास्त्रविरुद्ध आहे.

पाचवी गोष्ट, ज्यांचा लाभ निःसंशय आहे त्या साध्या उपायांचा आग्रह धरावा : विडी-तंबाखू पूर्ण बंद, चुलीच्या धुरापासून सुटका, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, श्वसनाचे व चालण्याचे नियमित व्यायाम, आणि रक्तातील प्राणवायू फार घटला असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने घरी प्राणवायू. ओठ निळे पडणे, बोलताना वाक्य तुटणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसताच काढा उकळीत न बसता रुग्णालय गाठावे.

उपसंहार

त्या रुग्णास आम्ही पुढे जे सांगितले ते असे. हा उपचार थोतांड नाही. त्यामागे विचार आहे. परंतु तो सिद्ध झालेला नाही. ज्यांवर तो झाला त्यांनाही पंप सोडता आला नाही, आणि काहींचे पोट बिघडले. अशा चाचणीत कधी भाग घ्यावयाचा झालाच तर त्यासाठी रुग्णाने पैसे मोजावयाचे नसतात. जो पैसे मागेल त्यापासून दूर राहावे. जमीन विकू नये. मग कनकासवाची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही आमची चूक मान्य केली. ते काही वेळ गप्प राहिले व म्हणाले, "पंपाचं आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

जमीन विकली गेली नाही. कनकासव बंद आहे, पंप चालू आहे, सकाळी फाट्यापर्यंत चालणे सुरू आहे. दम आहेच, पण पावसाळा रुग्णालयाविना गेला. आमच्या नोंदवहीत मात्र तेव्हापासून श्वासाच्या रुग्णासाठी एक रकाना वाढला आहे : 'पंप कोणता'. आपणही तो आखून घ्यावा, एवढीच वैद्यबंधुभगिनींना विनंती.